स्लो रेस

गाडी अजून धुतलेली नाही.
घोडपदेवच्या गल्लीत पिंपळाखाली उभी आहे,
शहात्तरची येझदी,
मडगार्डवर घाटमाथ्याची तांबडी माती,
सीटला कुणाच्या तरी शेळीनं अंग घासल्याची खूण.
आरसे तेवढे स्वच्छ.

पहाटे निघालो होतो, अकरा गाड्या.
नेव्हिलची जावा कळव्यालाच रुसली.
प्लग पुसला, शिवी दिली, झाली चालू.
भिवंडी ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेला
ती भेटली, माणूस उभा मावेल एवढी जाड नळी.
आम्ही वर चाललेलो, ती खाली येत होती
माझ्याच ड्यूटीवर.
ओळखीचं माणूस दिसावं तसा
मी तिला हॉर्न दिला.

कुंभारखिंड म्हणजे एक एसटी स्टँड,
एक बँक, भज्यांच्या दोन गाड्या,
आणि त्या शनिवारी तीनशे मोटरसायकली.
बॅनरवर सरपंच बुलेटपेक्षा मोठे.
शाळेची पोरं क्रोमच्या टाक्यांत
आपली वाकडी तोंडं बघून हसत होती,
आणि अल्ताफ प्रत्येकाला एकेक रेस देऊ देत होता,
पेट्रोल फुकटचं असल्यासारखा.

आम्ही उतरलो भोयेबाईंच्या पडवीत.
सकाळी मी म्हणालो, मावशी,
बादलीभर पाणी मिळेल का, गाडीवर मारायला?
त्या नाही म्हणाल्या नाहीत.
आत गेल्या, बऱ्याच वेळानं
तांब्या घेऊन आल्या, पाऊण भरलेला.
"आरसे पुसून घ्या," म्हणाल्या,
"मागचं दिसलं की झालं."
मग चहा ओतता ओतता सहज विचारलं,
कामाला कुठं?
मुन्शिपाल्टीत.
कशात?
मी म्हणालो, रस्त्यांच्या खात्यात.
बावीस वर्षांत पहिल्यांदा.

दुपारी स्लो रेस.
शंभर मीटर, पाय टेकायचा नाही,
सगळ्यात शेवटी पोचेल तो जिंकला.
माइकवाला ओरडत होता, सावकाश! सावकाश!
घाई करेल तो घरी जाईल!
क्लच जळाल्याचा वास,
हँडल डावीकडे, उजवीकडे,
एवढे मोठे बाप्ये
नुकतं चालायला लागलेल्या पोरासारखे डुलत.

आणि आमच्या मधून एक बाई आली.
डोक्यावर दोन हंडे, कमरेवर कळशी.
विहिरीची वाट तिथूनच जाते,
चुन्याच्या रेघा आम्ही मारलेल्या, नंतर.
ती एकेकाला मागं टाकत गेली,
नेव्हिलला, अल्ताफला, मला,
थेंबही न सांडता.
"ताई, तुम्ही बाद!" माइक म्हणाला, "फार जोरात जाताय!"
सगळं मैदान हसलं.
तीही हसली, पण ओठांनीच,
मान हलणार नाही इतकंच.
मी हसलो, आणि माझा पाय टेकला.

चार वीसला मी चावी लावतो.
झाकण बाजूला, लोखंडी दांडा खाली,
सव्वीस फेरे.
एकोणिसाव्या फेऱ्याला पायांखालचा रस्ता घुमायला लागतो,
लांब कुठे तरी घाट उतरत
गाड्या येत असाव्यात तसा.
मग चाळीत बादल्या वाजतात, कुणीतरी ओरडतं, आलं गं!
ते कुठून येतं ते मला पाठ आहे.
ऑफिसच्या नकाशात निळी रेघ आहे.
सव्वीस म्हणजे सव्वीस, मी एकही फेरा कमी करत नाही,
करून चालणारही नाही.
फक्त हल्ली मोजताना
तेविसाच्या पुढे चुकतो, परत मागे येतो.

बायको म्हणते, पाण्याचा चावीवाला,
आणि गाडी बघा याची!
काल तिसऱ्या मजल्यावरच्या भायद्यांच्या पोरानं
टाकीवरच्या धुळीत बोटानं लिहून ठेवलं,
धुवा.
अक्षर चांगलं आहे त्याचं.
मी इकडेतिकडे बघितलं,
आणि त्याच्या खाली, बोटानंच, लिहिलं,
बघू.